पासबुकातली सात अक्षरं

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बँकेतल्या यंत्राने निरंजन महाजनच्या पासबुकात चौदा ओळी छापल्या. पासबुक यंत्रात घालणारा निरंजन नव्हता. निरंजन एकोणतीस वर्षांचा आहे, इंदूरला औषधांच्या कंपनीत नोकरी करतो आणि त्या वेळी तो इंदूरलाच होता. बुऱ्हाणपुरात यंत्रासमोर उभे होते त्याचे वडील, पाणीपुरवठा खात्यातून बडे बाबू, म्हणजे हेड क्लार्क, म्हणून निवृत्त झालेले लीलाधर महाजन.

चौदापैकी तेरा ओळी किरकोळ होत्या. अकरावी ओळ शनिवारची होती: अकरा हजार रुपये, रंजिता नावाच्या कोणा बाईला. शनिवारी हा मेसेज लीलाधररावांच्या फोनवर वाजला तेव्हाच त्यांच्या हातातला चहा गार झाला होता. पण मेसेज नाव आणि रक्कम यापलीकडे काही सांगत नाही. पैसे पाठवताना माणूस खाली दोन शब्द लिहितो, ते पासबुकात छापून येतात, हे लीलाधररावांना ठाऊक होतं. रविवार त्यांनी कसाबसा काढला. आता ते शब्द समोर होते. इंग्रजीतली सात अक्षरं: एस, ए, डी, आय, मग जागा, मग एच, ए, एल. पुढे कागदाची कड.

"शादी हॉल," लीलाधरराव स्वतःशीच म्हणाले आणि पेन्शनवाल्यांच्या बाकावर बसले.

खात्याची हकीकत थोडक्यात अशी. निरंजन आठवीत असताना शिष्यवृत्तीसाठी ते उघडलं, वडिलांसोबत जॉइंट. नोकरी लागल्यावर पगार त्यातच यायला लागला. निरंजनने स्वतःचा नंबर जोडला, वडिलांचा काढायचा राहून गेला. त्यामुळे निरंजनने इंदूरला पोहे खाल्ले की बुऱ्हाणपुरात फोन वाजायचा, आणि पोहे संपायच्या आत इंदूरला वडिलांचा.

दिवाळीनंतर एकदा हे टोकाला गेलं. निरंजन मित्रांबरोबर आइसक्रीमच्या दुकानात उभा असताना लीलाधररावांचा फोन आला, आणि निरंजनचा फोन नेमका स्पीकरवर होता. "एकशे साठ? परवा एक कोन ऐंशीचा होता. मग दुसरा कोन कोणाचा?" मित्र हसले. निरंजन तीन दिवस घरी बोलला नाही. चौथ्या दिवशी लीलाधररावांनी पत्नीच्या, ज्योत्स्नाबाईंच्या, डोक्यावर हात ठेवून फोनवरच शपथ घेतली, की यापुढे निरंजनच्या खात्यात डोकावणार नाही आणि आपला नंबरही काढून टाकीन. नंबर काढायचा अर्ज त्यांनी त्याच दिवशी लिहिला. तो अजून घरातच होता. लीलाधररावांच्या भाषेत, विचाराधीन होता.

घरी आल्यावर त्यांनी पासबुक ज्योत्स्नाबाईंच्या पोळपाटाशेजारी उघडून ठेवलं.

ज्योत्स्नाबाईंनी पीठ लागलेल्या हाताने चष्मा सरळ केला. "साडी," त्या म्हणाल्या.

"साडी कुठे? शादी आहे."

"एस ए डी आय. साडी. शादीत एच लागतो."

"आपल्या गावात कोण एच लावतं? गेल्या साली सुकलालच्या पोराच्या बॅनरवर काय होतं? 'हॅप्पी सादी'. वर पन्नास लोकांचे फोटो."

हा मुद्दा बिनतोड होता. बुऱ्हाणपुरात माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी आणि दोन्ही टाइप करतो इंग्रजी अक्षरांत. त्या चार अक्षरांचा अर्थ साडी की शादी, हे लिहिणाऱ्यालाच माहीत.

"बरं, पुढचं काय मग? एच ए एल?" लीलाधररावांनी विचारलं. "साडी हॉल असतो का कुठे?"

"हाल. साडीचे हाल झाले असतील. धुवायला दिली असेल."

"कोणाची? तुझ्या पोराकडे साडी आहे?"

ज्योत्स्नाबाईंचं लाटणं थांबलं.

"आणि समजा, साडीच असली," लीलाधरराव म्हणाले, "तर अकरा हजाराची साडी नेसणारी कोण? शादी म्हण की साडी म्हण, बाई दोन्हीत आहे."

"पण आपल्याकडे लग्नाला मोकळं मॅरेज गार्डन घेतात. हॉल कोण घेतं?"

"इंदूरला घेतात."

ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "मग सरळ फोन करून विचारा ना त्याला."

"कसं विचारू? पासबुक बघितलं असं सांगू? शपथ घेतली आहे मी."

"शपथ तुमची, डोकं माझं! दर सोमवारी बँकेत जाता तेव्हा आठवत नाही ते?"

"सांगितलं तर शपथ मोडल्याचं सिद्ध होतं," लीलाधररावांनी चौतीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव पणाला लावला. "नाही सांगितलं तर प्रकरण विचाराधीन राहतं. तुझ्या दृष्टीने तेच बरं."

तरी गप्प बसणंही शक्य नव्हतं. येत्या रविवारी धूलकोटला वामनराव चौधरींच्या घरी मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. स्थळ सुकलालने, म्हणजे लीलाधररावांच्या सूत विकणाऱ्या चुलतभावाने, आणलं होतं. वामनराव केळीवाले, सरळ माणूस. मुलगी मृणाल, इंदूरला शाळेत शिकवते. लीलाधररावांनी वामनरावांना शब्द दिला होता, "माझ्या मुलाचं काही मला माहीत नाही असं नाही. पासबुकासारखा उघडा मुलगा आहे." आता हॉल बुक केलेल्या पोराला घेऊन दुसऱ्याच्या मुलीसमोर बसायचं, म्हणजे त्या माणसाची फसवणूक होती. आणि मुलाला विचारायचं, म्हणजे त्याचा उरलासुरला विश्वास घालवायचा.

लीलाधररावांनी मधला मार्ग काढला. दुपारी अडीचला त्यांनी निरंजनला फोन लावला.

"हां पापा, बोला."

"काही नाही, सहज. तुझे हाल कसे?"

पलीकडे खुर्ची सरकली. "हाल म्हणजे?"

"हाल म्हणजे हालचाल रे. तब्येत."

"ठीक हाय. काहून?"

"रविवारचं लक्षात आहे ना? धूलकोट?"

"हाव ना पापा. येतोच हाय. मी कुठे नई म्हटलं?"

"नाही म्हणायचं असेल तर आताच म्हण. कोणाला काही ॲडव्हान्स दिला असेल तर..."

"ॲडव्हान्स?"

"शब्द! शब्द दिला असेल तर, असं म्हटलं मी."

"पापा, मीटिंग चालू हाय. बाद में बोलतो." फोन बंद.

"घाबरला," लीलाधररावांनी पत्नीला कळवलं. "हाल म्हटल्यावर घाबरला."

मंगळवारी ते पुन्हा बँकेत गेले. काउंटरवर गिरधर होता. त्याचे वडील लीलाधररावांच्या हाताखाली होते, म्हणून तो त्यांना सर म्हणतो.

"सर, पासबुकात जागाच कमी असते, अक्षरं कटतात," गिरधर म्हणाला. "स्टेटमेंट काढून देतो. त्यात जरा जास्त येतं."

जरा जास्त म्हणजे दोन अक्षरं जास्त आली. एच, ए, एल यांच्यापुढे डी आणि आय. मग स्टेटमेंटचाही रकाना संपला.

"शादी, हल्दी," गिरधरने मोठ्याने वाचलं आणि उभा राहिला. "अरे वा सर! बधाई हो! हळदीपर्यंत बात गेली आणि आम्हाला पत्ता नई? तारीख कब की?"

रांगेत सात माणसं होती. त्यातल्या चौघांनी लीलाधररावांशी हात मिळवला. पाचवा केटरर निघाला. त्याने कार्ड दिलं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या दगा गवळ्याने ज्योत्स्नाबाईंना विचारलं, "काकू, हळदीच्या दिवशी दूध किती लागंल? आधी सांगून ठेवा." ज्योत्स्नाबाईंनी दार लावून घेतलं.

"आता काही शंका?" लीलाधरराव म्हणाले. "उद्या मी धूलकोटला जातो. वामनरावांना सांगतो, रविवार रद्द. त्यांच्या पोरीचा तमाशा नको."

"काय कारण सांगाल?"

"खरं सांगेन. त्यांच्यासमोर मी शपथ घेतलेली नाही."

बुधवारी सकाळच्या बसने लीलाधरराव धूलकोटला उतरले. पासबुक शर्टाच्या आतल्या खिशात होतं. वामनरावांनी त्यांना ओसरीत खाटेवर बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला. मग दोघेही एकमेकांकडे न बघता अंगणातल्या मोटारसायकलकडे बघत बसले.

"वामनराव, मी स्पष्ट माणूस आहे," लीलाधररावांनी सुरुवात केली.

"मी बी. बोला तुमी."

"तुम्हालाही काही बोलायचं होतं का? मग आधी तुम्ही."

"नई नई. तुमी पाहुणे. आधी तुमी."

"रविवारचं जमायचं नाही," दोघे एकाच वेळी म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या रजनीबाई, वामनरावांच्या पत्नी, उंबऱ्यावरच थांबल्या.

"तुमचं काहून जमायचं नई?" वामनराव चढ्या आवाजात म्हणाले. "आमच्या पोरीत काय खोट हाय?"

"आणि आमच्या पोरात काय आहे?"

वामनराव ताडकन उठून आत गेले. केळीच्या पावत्यांची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या कव्हरातलं एक पासबुक होतं.

"पोरीचं हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "कॉलेजात असताना इथल्या ब्रँचला खातं काढलं, मी जॉइंट. पगार त्याच्यातच येतो. आम्ही हात नई लावत, बस बघतो."

"बघण्यात काही गैर नाही."

"नई ना! तिला सांगितलं हाय का पासबुक हरवलं. कायको उगाच भांडण?"

लीलाधररावांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पूर्णपणे समजून घेणारा माणूस भेटला होता. त्यांनी आतल्या खिशातून आपलं पासबुक काढलं. दोन्ही पासबुकं खाटेवर शेजारी शेजारी ठेवण्यात आली.

तोच शनिवार. तेच अकरा हजार. तीच रंजिता. तीच सात अक्षरं.

"अर्धे-अर्धे," वामनराव म्हणाले.

"म्हणजे तुमची मुलगी..."

"आन् तुमचा पोरगा..."

"एकमेकांशीच?"

मग दोघांनी मागची पानं काढली. नोव्हेंबरात लीलाधररावांच्या बोटाखाली आइसक्रीमचे एकशे साठ सापडले. दुसऱ्या दिवशी मृणालच्या पासबुकात ऐंशी रुपये होते, निरंजन महाजनला, आणि खाली शब्द होता 'कोन'. दुसरा कोन कोणाचा, याचं उत्तर असं चार महिन्यांनी मिळालं.

"ऐंशी रुपये दुसऱ्या दिवशी वापस केले," वामनरावांची छाती फुगली. "पोरगी कोणाचं ठेवत नई."

लीलाधररावांनी तिथूनच सुकलालला फोन लावला. सुकलाल फार वेळ टिकला नाही. "भाऊ, मला काय विचारता? निरंजनने नाव दिलं, गाव दिलं, बोलला का काका हे स्थळ तुम्हीच आणा. मी आणलं. मी तर मुलगी बघितली बी नई."

दोन्ही बापांनी आधी रागावून पाहिलं. ते जमलं नाही. मुलं एकमेकांशी लग्न करत होती, तीही आईबापांच्या संमतीचा पूर्ण देखावा उभा करून. यात रागवायला जागा कमी होती. वामनरावांनी फणीभर केळी आणवली. चहा दुसऱ्यांदा झाला. त्यानंतर खरी अडचण लक्षात आली.

"पण लग्न कधी हाय?" वामनरावांनी विचारलं.

हॉल बुक होता, हळद ठरली होती, तारीख मात्र दोन्ही पासबुकांत नव्हती. विचारण्याची सोय नव्हती. लीलाधररावांना शपथ आडवी येत होती, वामनरावांना हरवलेलं पासबुक.

गुरुवारी आणि शुक्रवारी दोघांनी मिळून इंदूरचे एकवीस हॉल फोनवरून तपासले. महाजन किंवा चौधरी नावाचं बुकिंग कुठेच नव्हतं, आणि रंजिता नावाची बाईही कुठल्या हॉलवर नव्हती. शुक्रवारी दुपारी लीलाधररावांना वाटलं, हॉल कदाचित बुऱ्हाणपुरातच घेतला असेल, म्हणून ते वामनरावांना घेऊन राजघाटाकडच्या रस्त्यावर गोटूच्या मॅरेज गार्डनमध्ये गेले.

"महाजन-चौधरी?" गोटूने रजिस्टर उलटं-सुलटं केलं. "नई काका. आन् हॉल नका म्हणू, गार्डन हाय हे. पण एक सांगू? मे मध्ये फक्त बारा तारीख खाली राह्यली. सकाळपासून दोन पार्ट्या पूछ के गई. तिसरी चार वाजता येते."

घड्याळात पावणेचार झाले होते. पुढच्या पंधरा मिनिटांत काय झालं, याबद्दल दोघांच्या सांगण्यात फरक आहे. लीलाधरराव म्हणतात, वामनरावांनी खिशात हात घातला. वामनराव म्हणतात, लीलाधररावांनी आधी फोन काढला. रजिस्टरातली नोंद स्पष्ट आहे: बारा मे, महाजन-चौधरी, ॲडव्हान्स एकवीस हजार, दोघांत निम्मे, परत मिळणार नाही.

"एक लग्न दोन ठिकाणी?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"इंदूरचं रद्द करायला लावू," लीलाधरराव म्हणाले.

"कोणतं इंदूरचं? ते तर सापडलंच नाही तुम्हाला!"

रविवारी सकाळी अकरा वाजता महाजन कुटुंब धूलकोटला पोचलं. निरंजन इंदूरहून आदल्या दिवशीच आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात एक मोठी कागदी पिशवी. पिशवीत काय आहे, हे विचारल्यावर "ऐसेच" म्हणाला. ओसरीत दोन्ही घरं समोरासमोर बसली. मृणाल पोह्यांच्या बशा घेऊन आली.

"नमस्ते," निरंजन म्हणाला. "मी निरंजन."

"मी मृणाल. तुम्ही काय करता?"

"औषधांच्या कंपनीत आहे. तुम्ही?"

"शाळेत शिकवते. इंदूरला."

"अरे! मी पण इंदूरलाच. कमाल हाय."

वामनरावांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. लीलाधररावांचे खांदे हलत होते. "तुम्ही दोघं जरा अंगणात जा," ते म्हणाले. "ओळख होईल."

"नको काका," मृणाल खाली बघत म्हणाली. "एकदम अनजान माणसाशी काय बोलणार?"

ज्योत्स्नाबाईंना ठसका लागला. रजनीबाईंनी पाणी दिलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की ते तसंच पारही पडलं असतं. पण अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गावातली वीज गेली. पंखा थांबला. लीलाधररावांनी कॉलर मागे ओढली आणि सहज मुलाला विचारलं, "हॉलला जनरेटर आहे ना रे?"

निरंजनने हातातली बशी खाली ठेवली.

"कोणता हॉल?" निरंजनने विचारलं.

"घरातल्या हॉलचं म्हणतात ते," वामनराव मदतीला धावले.

"घरातल्या हॉलला जनरेटर?" मृणाल म्हणाली.

"शादी हॉलला बी असते ना..." वामनराव म्हणाले आणि आपण काय बोललो ते कळून पोहे चावायला लागले.

"बस झालं," रजनीबाई म्हणाल्या. "चार दिवसांपासून हे दोन्ही जण फोनवर हॉल-हॉल करून राह्यले. पोरी, तुझं पासबुक यांच्याकडेच हाय."

"पापा! ते हरवलं होतं ना?"

"सापडलं."

"कधी?"

"हरवलं त्याच दिवशी," वामनराव म्हणाले. "पन मी एकटा नई. यांच्या खिशात बी हाय."

"वा वामनराव," लीलाधरराव म्हणाले.

निरंजन वडिलांकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "पापा, तुम्ही आईची शपथ घेतली होती."

लीलाधररावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "घेतली होती. मोडली. दर सोमवारी मोडली." त्यांनी आतल्या खिशातून पासबुक काढून बशीशेजारी ठेवलं. "तू फोनवर 'ठीक हाय' म्हणतोस आणि ठेवतोस रे. जेवलास का, कुठे गेलास, कोणाबरोबर. काही कळत नाही. पासबुक तुझ्यापेक्षा जास्त बोलतं."

निरंजनने पाण्याचा तांब्या वडिलांकडे सरकवला.

"आधी एवढं कोणीतरी लिहून घ्या," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "की मी अजून जिवंत आहे." त्यावर पहिल्यांदा मृणाल हसली आणि मग तिला थांबवता येईना.

"पण शादी हॉल कुठून आला?" तिने डोळे पुसत विचारलं.

लीलाधररावांनी पासबुक उघडून ती ओळ दाखवली. मग खिशातून स्टेटमेंट काढून हल्दी दाखवली. निरंजनने आपला फोन काढला, शनिवारचा व्यवहार उघडला आणि खाली लिहिलेले शब्द पूर्ण वाचले: "साडी, हळदी रंग, मोर काठ."

"साडी!" ज्योत्स्नाबाई उठून उभ्याच राहिल्या. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं! साडी!"

"तू हाल म्हणाली होतीस."

"साडीचे म्हणाले होते!"

निरंजनने कागदी पिशवी पुढे ओढली. आत दोन साड्या होत्या. रंजिता ही इंदूरची साड्या विकणारी बाई. तिच्याकडे एका विणकराच्या हातच्या दोन सारख्या साड्या होत्या. एक निरंजनने घेतली होती मृणालच्या आईसाठी, दुसरी मृणालने निरंजनच्या आईसाठी. पसंती झाली की द्यायच्या, असं ठरलं होतं. पैसे पाठवताना लिहिलेले शब्द पासबुकात छापून येतात, हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांनी पासबुक कधी बघितलंच नव्हतं.

दोन्ही आया साड्या खांद्यावर टाकून आतल्या आरशाकडे गेल्या. ओसरीत चौघे उरले.

"म्हणजे लग्नाचं बुकिंग काहीच केलं नाही?" लीलाधररावांनी विचारलं.

"पापा, मी हिला अजून विचारलं बी नव्हतं," निरंजन म्हणाला. "आज इथून परत जाताना विचारणार होतो."

"काय विचारणार होतास?" मृणालने विचारलं. तिच्या तोंडून 'तुम्ही' केव्हा गळून पडलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"तेच. म्हणजे... शादीचं. पक्कं."

"मग विचार ना."

"सगळ्यांसमोर?"

"तू दहा रुपये खर्च केलेस तरी सगळ्यांना कळतंच. हे पण कळू दे."

निरंजनने विचारलं. शब्द नेमके काय होते, यावर एकमत नाही, कारण त्याच क्षणी वीज आली आणि पंखा खडखडला. मृणाल "हाव" म्हणाली, हे मात्र आतल्या खोलीतही ऐकू गेलं. दोन्ही आया साड्यांसकट बाहेर आल्या.

"बेस झालं," वामनराव म्हणाले. "नई तर बारा मे चे एकवीस हजार वापस नई भेटत होते."

"कोणते एकवीस हजार?" दोन्ही मुलांनी एकदम विचारलं.

पुढच्या घडामोडी अशा. निरंजनने नवं खातं काढलं आणि पगार तिकडे वळवला. मृणालनेही तेच केलं. बारा मे मृणालच्या सुट्टीत बसते, म्हणून गोटूचं गार्डन कायम राहिलं. निरंजन आता रोज साडेआठला स्वतःहून फोन करतो आणि काय जेवला ते सांगतो. लीलाधररावांच्या मते तो भाज्यांबाबत खोटं बोलतो, पण पडताळण्याचं साधन उरलेलं नाही.

लग्नाचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा करायचा ठरलं. त्यासाठी दोघा वडिलांच्या नावाने एक जॉइंट खातं उघडण्यात आलं. फॉर्म मृणालने भरला. दोघांनीही न वाचता सही केली. मेसेज कोणत्या नंबरवर यावेत, या रकान्यात तिने स्वतःचा नंबर लिहिला होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी त्यांनी बँडवाल्याला पाच हजार पाठवले होते. वर्ग सुरू असताना बाहेर येऊन तिने फोन केला, "काका, पापा, दोघं ऐका. बँड नको असं ठरलं होतं ना?" बँडवाल्याने पैसे परत पाठवले.

काल, गुरुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी त्या खात्यातून बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्याजवळच्या एटीएममधून दहा हजार रुपये काढल्याचा मेसेज मृणालच्या फोनवर आला. रोख पैशांखाली कोणाचं नाव येत नाही, काही शब्दही येत नाहीत, हे बँडच्या प्रकरणानंतर दोघा वडिलांनाही उमगलं होतं. तिने लीलाधररावांना फोन लावला, तो बंद होता. वामनरावांचा वाजला, पण कोणी उचलला नाही. ज्योत्स्नाबाईंनी सांगितलं, की वामनराव तीनच्या बसने आले, चहाही घेतला नाही, आणि दोघे "जरा येतो" म्हणून निघाले. वामनरावांच्या हातात एक रिकामी पिशवी होती, बरीच मोठी. संध्याकाळी सात वाजेपर्यंत ते परतलेले नव्हते.